पापणी ओढून बघणाऱ्या मॅडम

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. जिथं चुकलं असेल तिथं सांभाळून घ्यावं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, आणि शोभा मॅडमचा विषय काढला तर आमच्या गल्लीत लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतात. म्हणून लिहिते. लिहिताना मध्येच कुणी उठून जात नाही.

मॅडम आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायच्या. आमचं गाव राजूरपासून जवळ, तिथल्या हायस्कूलवर त्या विज्ञान शिकवायच्या. घरात त्या, त्यांची मुलगी ईश्वरी आणि सासू. नवरा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत ड्रायव्हर होता, रविवारी यायचा आणि बहुतेक झोपून राहायचा. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून मॅडम शाळेत गेल्या की ईश्वरी माझ्याकडे असायची. सगळे तिला ईशू म्हणायचे.

मॅडम उंच आणि काटकुळ्या होत्या. चालायच्या पुढे वाकून, एसटी सुटत असल्यासारख्या. उजव्या हाताची बोटं रविवारीसुद्धा खडूने पांढरी असायची. भाकरी त्यांना कधी गोल आली नाही. कडा फाटायच्या, मग त्या तव्यावरच्या भाकरीकडे बघून मला म्हणायच्या, "इंदूताई, बघा, आज महाराष्ट्राचा नकाशा झाला. काल गुजरात व्हता." सासूबाई आतून म्हणायच्या, "नकाशा खाऊन पोट भरतंय का गं?" आणि तरी तोच नकाशा दुधात कुस्करून खायच्या.

त्यांची एक सवय साऱ्या गावाला माहीत होती. लेकरू दिसलं की त्या त्याची हनुवटी धरायच्या आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघायच्या. आत लाल दिसलं तर गालावर टिचकी. फिकट दिसलं तर त्याच्या आईला हाक. लेकरांना त्याचा खेळ झाला होता. मॅडम गल्लीत शिरल्या की पोरं ओळीने उभी राहून आपापल्या पापण्या ओढायची आणि ओरडायची, "मॅडम, लाल हाय, लाल हाय." मॅडम हसायच्या. मला ते हसणं खरं वाटायचं नाही, कारण मला ईशूची पापणी माहीत होती.

ईशूच्या अंगात रक्त टिकत नव्हतं. ती वर्षाची व्हायच्या आतच ते कळलं होतं. दर महिन्याला मॅडम तिला जालन्याच्या दवाखान्यात घेऊन जायच्या आणि तिथं दुसऱ्या कुणाचं तरी रक्त तिला चढवायचे. येताना ती गुलाबी होऊन यायची, एसटीतून उडी मारून उतरायची, माझ्या शेळ्यांच्या मागे पळायची. मग हळूहळू तिचा रंग उतरायचा. आधी ओठ, मग तळहात. शेवटच्या आठवड्यात ती माझ्या ओट्यावर भिंतीला टेकून बसायची आणि शेळ्यांना नुसती नावाने हाका मारायची.

मॅडमचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणीही काही विचारलं की म्हणायच्या, "आधी कसं ते बघा. काहून ते मंग इचारा." पाऊस काहून पडत न्हाई, दूध काहून नासलं, म्हैस काहून मेली, सगळ्याला हेच उत्तर. सासूबाई त्यावर चिडायच्या. त्या मॅडमच्या सख्ख्या आत्या. आमच्याकडे मामाची पोरगी करायची रीत आहे, तशी त्यांनी भावाची लेक सून करून आणलेली. म्हणायच्या, "हिचा बाप बी असाच. मेलं कोण ते सांगायच्या आधी कसं मेलं ते सांगायचा."

संध्याकाळी दहावीच्या मुली मॅडमकडे शिकायला यायच्या. अंगणात बसायच्या. मी बाजूला डाळ निवडत असायचे. मला कुणी शिकवत नव्हतं, पण कानाला झाकण नसतं. एकदा धडा होता पेशींचा. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि माझा हात धरून मुलींना दाखवला. ज्वारी काढताना माझ्या अंगठ्याजवळ विळा लागला होता आणि आता तिथं नवी, कोवळी कातडी आली होती.

"ही कातडी कुठून आली?" त्यांनी विचारलं.

"आतून," एक मुलगी म्हणाली.

"आत काय गोदाम हाय का?"

मुली हसल्या. मी हात मागे ओढायला बघत होते, मॅडमनी सोडला नाही. त्या म्हणाल्या की शेजारची एक पेशी फुटून तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, आणि अशी जखम भरली. पण प्रत्येक पेशीच्या आत एक लिखाण असतं, डीएनए. कातडी कशी करायची, रक्त कसं करायचं, सगळं त्यात लिहिलेलं. पेशी तशीच फुटली तर एकीकडे लिखाण जाईल आणि दुसरी कोरी राहील. म्हणून फुटायच्या आधी ती त्या सगळ्या लिखाणाची नक्कल करते. एक एक अक्षर. मग दोघींना पुरं पुरं मिळतं.

"आणि कशी करते?" असं म्हणून त्यांनी माझ्या शेळीचं दावं सोडून आणलं. अंबाडीचं, दोन पदरांचं. त्याचा पीळ एका टोकाकडून उलगडत गेल्या. दोन पदर वेगळे झाले. म्हणाल्या, लिखाणाचे असेच दोन पदर असतात. चारच अक्षरं आणि त्यांच्या जोड्या पक्क्या. एका पदरावर हे असेल तर समोर तेच बसणार, दुसरं बसतच नाही. म्हणून पदर वेगळे झाले तरी बिघडत नाही. प्रत्येक पदराला आपला जोडीदार माहीत असतो. दोन्ही पदर आपापल्या समोर नवा पदर लिहून घेतात आणि एका दाव्याची दोन दावी होतात. प्रत्येकात एक पदर जुना, एक नवा.

"म्हंजे आपल्यातल्या सोयरिकी," मागची एक मुलगी पुटपुटली. "जन्मायच्या आधीच ठरलेल्या."

सगळ्या खिदळल्या. मॅडमही हसल्या. मग त्या म्हणाल्या की मागून एक तपासणारा असतो, चुकीचं अक्षर बसलं की ते काढून बराबर बसवतो. तरी कधीतरी एखादी चूक त्याच्या हातून सुटते.

ईशू माझ्या मांडीला टेकून ऐकत होती. तिने विचारलं, "मम्मी, मंग माझ्यात कोण चुकलं?"

मॅडम दाव्याला पुन्हा पीळ देत होत्या. पीळ देता देताच बोलल्या. "तुझ्यात कुणीच न्हाई चुकलं, ईशू. फार मागं कुणाच्या तरी अंगात एकदा एक अक्षर चुकलं. ते त्याच्या लेकराला गेलं, त्याच्या लेकराला गेलं. तुझ्या पेशी एकदम बराबर नक्कल करतात. समोर जे हाय तेच लिहितात."

मला आमचे गुरुजी आठवले. ते पाटीवर वर एक ओळ लिहून द्यायचे आणि ती खाली गिरवायला सांगायचे. आम्ही पोरी गुरुजींची ओळ बघायचोच नाही. आपलीच वरची ओळ बघून खालची लिहायचो. एका ओळीत मात्रा सुटली की शेवटपर्यंत सुटलेलीच. गुरुजी छडी मारायचे. का ते आम्हाला कळायचं नाही, मन लावून तर लिहिलं होतं. हे मी मॅडमना सांगितलं, मुली गेल्यावर. त्या म्हणाल्या, "मन लावून लिहिलं, हेच तर."

ईशूचे प्रश्न मात्र संपत नसत. एकदा जालन्याहून आल्यावर तिने विचारलं की दुसऱ्याचं रक्त माझ्यात घालतात, तर ते माझ्यात वाढत काहून न्हाई, दह्याच्या विरजणासारखं. मॅडमनी सांगितलं की रक्तातली लाल पेशी मोठी होताना आपलं लिखाण बाहेर टाकून देते. पोटात जास्त हवा मावावी म्हणून. लिखाण नाही तर नक्कल नाही. ती नुसती काम करते, झिजते आणि मरते. नव्या पेशी हाडाच्या मगजात तयार होतात, तिथं मात्र लिखाण असतं, आणि तुझ्या मगजातल्या लिखाणात ती जुनी चूक आहे.

"मंग त्यांनी आपलं पुस्तक फेकायचं काय कारण व्हतं?" ईशू म्हणाली. "राहू द्यायचं ना थोडं."

मॅडमनी तिला मांडीवर घेतलं. त्या दिवशी त्यांनी "आधी कसं" म्हटलं नाही.

सासूबाईंनी ईशूच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. दवाखान्यात सुई लावायला तो अडायचा. मॅडम दर वेळी तो सोडून दुसऱ्या हाताला बांधायच्या, फेकायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तुमचा विश्वास हाय का. म्हणाल्या, "न्हाई. पण आत्याचं बी कुणीतरी ऐकावं की." आणि मग न विचारता सांगितलं की त्या कॉलेजला जुन्या जालन्यात या आत्याकडेच राहायच्या. "रक्ताच्या नात्यात लग्न केल्यावर काय होतं, हा प्रश्न मी परीक्षेत लिहून आल्ते, इंदूताई. चांगले मार्क पडल्ते. निकाल लागला आणि साखरपुडा झाला. घरात पेढे एकदाच आणले, दोन्हीचे मिळून."

वत्सलाबाई आमच्या समोर राहतात. आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या मुलाचं, गणेशचं लग्न त्यांच्या भावाच्या मुलीशी ठरलं, शहागडची मुलगी. मॅडमना कळलं तशा त्या मला घेऊन तिकडे गेल्या. म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या बसा. मला एकटीला जायला पाय उचलत न्हाई." तिथं त्यांनी सगळं सांगितलं. एकाकडेच चूक असली तर कळतसुद्धा नाही, माणूस धडधाकट राहतो. दोघांकडे तीच चूक असली आणि लेकराला दोन्हीकडून आली तर ईशूसारखं होतं. लग्न मोडा म्हणत नाही, फक्त आधी दोघांचं रक्त तपासा.

वत्सलाबाई म्हणाल्या, "तपासू की. त्यात काय."

मॅडम परत येताना इतक्या जोरात चालत होत्या की मी मागे पडले. मला वाटलं त्या आता गाणं म्हणतील.

थोड्या दिवसांनी वत्सलाबाई पेढे घेऊन आल्या. "मॅडम, तुमचं ऐकलं बरं का. दोघांचं रक्त तपासलं. जुळलं. दोघांचं बी एकच, बी पाझिटिव. भटजी म्हणले, नाडीचा सवालच न्हाई आता."

मॅडमच्या हातात पेढा होता. तो तसाच राहिला. "वत्सलाबाई, हा रक्ताचा गट झाला. मी म्हणते ती तपासणी वेगळी. गटाचा ह्यात काही संबंध न्हाई."

"पुन्हा सुई? आता पोरीचा बाप काय म्हणंल? एकदा टोचलं, जुळलं, झालं."

"जुळू नये असं एक हाय, ते बघायचं. जुळलं तर भीती हाय."

वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या घरातला दिवा मिणमिण करून राह्यला म्हणून आमच्या घरात अंधार काहून मागता?"

मॅडमनी पेढा सासूबाईंच्या हातावर ठेवला आणि आत जाऊन चहा टाकला. चहात साखर घालायची राहून गेली. वत्सलाबाईंनी तो तसाच पिला.

लग्नाला मॅडम गेल्या, आहेर केला, पंगतीला बसल्या. ईशू आदल्याच दिवशी रक्त घेऊन आली होती, गाल लाल झाले होते. ती बँडपुढे एवढी नाचली की बायका मला म्हणाल्या, "हिला काय धाड भरली? बघा की कशी हाय. मॅडम उगं घाबरवतात लोकायला." मॅडम ताटावर मान घालून जेवत होत्या.

त्यानंतर त्या अजून दोन-तीन घरी जाऊन आल्या. एका घरी चहा मिळाला, एका घरी तोही नाही. शाळेतही कुणीतरी तक्रार केली की मॅडम पोरींना लग्नाचं शिकवतात. हळूहळू त्यांनी जाणं सोडलं. पापणी बघणं तेवढं सोडलं नाही.

ईशू वयात यायला लागली तेव्हा तिचं पोट वाढलं आणि उंची थांबली. डॉक्टर म्हणाले, इतक्या लोकांच्या रक्तातलं लोखंड तिच्या अंगात साठलंय, काळजात, कलेजीत. ते काढायचं औषध महाग. आणि कायमचा उपाय म्हणजे कुणाचा तरी मगज तिच्यात घालायचा, मोठ्या शहरात. पण तो पूर्ण जुळणाऱ्या माणसाचा पाहिजे. त्यासाठी मॅडमनी गटातून कर्ज काढलं. कर्ज द्यायचं का, असं बैठकीत विचारलं तेव्हा पहिला हात वत्सलाबाईंनी वर केला, हे लिहिलंच पाहिजे.

सगळ्यांची तपासणी झाली. मॅडमची, नवऱ्याची, चुलत्या-मावश्यांची. एकाच रक्ताची माणसं सगळी. पूर्ण जुळणारं एकही निघालं नाही. मॅडम शहरातून परत आल्या त्या दिवशी मी ईशूचे केस विंचरत होते. त्या उंबऱ्यात बसल्या आणि चपला काढायचं विसरून गेल्या. म्हणाल्या, "नको तिथं जुळलं, इंदूताई."

ईशू गेली ती उन्हाळ्यात, दवाखान्यात, सुई लागलेली असतानाच. काळज थकलं म्हणाले. घरी आणली तेव्हा काळा दोरा डाव्या हाताला होता.

दहावं-तेरावं झाल्यावर मी एकदा भाकरी घेऊन गेले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, मॅडम मागे बसून त्यांच्या केसांना तेल लावत होत्या. सासूबाई म्हणत होत्या, "माझ्या भावाचं रक्त घरात यावं म्हणून तुला आणली व्हती गं शोभा."

"आलं की, आत्या," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वेणी घातली, टोकाला गाठ मारली. मी भाकरी चुलीजवळ ठेवून आले.

मग मॅडमनी बदली मागून घेतली. गोदावरीच्या बाजूला कुठलंसं गाव. सासूबाईंना मुलाने जालन्याला नेलं. खोल्या रिकाम्या झाल्या. पण दर महिन्याला बैठकीच्या दिवशी मॅडम एसटीने यायच्या, मारुतीच्या ओट्यावर आमच्यात बसायच्या, हप्ता द्यायच्या आणि परत जायच्या. व्याज सोडू, असं बायकांनी एकदा म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "न्हाई. पुरं घ्या. औषध पुरं घेतलं व्हतं." बाकी बोलणं नाही. माझ्याकडे चहाला याल का, असं मी दर वेळी मनात म्हणायचे. एकदाच तोंडाने म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या ओट्यावर बसणं व्हत न्हाई मला."

शेवटच्या हप्त्याला आल्या तेव्हा वत्सलाबाईंच्या कडेवर नातू होता. गणेशचा. वर्षाचाही नव्हता अजून. गोरा, दाट केसांचा, छान. वत्सलाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "सून म्हणती दूध पीत न्हाई. सारखं किरकिर करून राह्यलं. दात येत असतील."

मॅडम समोर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, पोराची हनुवटी धरली आणि अंगठ्याने पापणी ओढली. मग दुसऱ्या डोळ्याची. मग त्याची मूठ उघडून तळहात बघितला. वत्सलाबाई मॅडमच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मॅडम पोराच्या तळहाताकडे.

"मंगळवारी जालन्याच्या दवाखान्यात घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी गर्दी कमी राहती. आधी खिडकीवर चिठ्ठी काढा, मंग रांगेत बसा. जल्दी करा, उगं दातावर घालवू नका. टोपी घाला त्याला, आत पंखे लई जोरात असतात."

"काहून मॅडम?" वत्सलाबाईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "काहून?"

मी वाट बघत होते की मॅडम म्हणतील, आधी कसं ते बघा. त्यांनी पोराची मूठ पुन्हा मिटली. पर्समधून पैसे काढले आणि सतरंजीवर ठेवले.

आमच्या गटात कुणाचं कर्ज फिटलं की अध्यक्षबाईने नाव घेऊन सांगायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी रीत आहे. कुणालाच काही सुचत नव्हतं, तेव्हा रीतच उपयोगी आली. वत्सलाबाईंनी पैसे उचलले, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "शोभा मॅडमचं कर्ज पूर्ण फिटलं." एकीने टाळी वाजवली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. मीही वाजवल्या. पोराने आमच्या सगळ्यांच्या हातांकडे आळीपाळीने बघितलं आणि आपले दोन हात एकावर एक आपटले.

मॅडम उठल्या. पुढे वाकून, भराभर, स्टँडकडे चालत गेल्या. एसटी यायला अजून वेळ होता. आता त्यांना इकडे यायचं काही कारण राहिलं नव्हतं, पैसे पूर्ण फिटले होते.